संकेतस्थळाची नाडी आणि हिरवा दिवा

१६ जुलै २०२१ ची दुपार महाराष्ट्रातील लाखो घरांना अजूनही आठवत असेल. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनाच्या आधारे तयार केलेला निकाल दुपारी एक वाजता इंटरनेटवर पाहता येईल, असे जाहीर झाले होते. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. एकाचा ठोका पडला आणि निकालाची संकेतस्थळे त्या गर्दीखाली कोलमडली. आसनक्रमांक पुन्हा पुन्हा टाकूनही पडद्यावर काही उमटेना. हा खोळंबा कित्येक तास चालला आणि पुढे या प्रकाराच्या चौकशीचे आदेश राज्य सरकारला द्यावे लागले.

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य आता मराठीतही रुळले आहे. बँकेच्या काउंटरवर, तलाठ्याच्या कार्यालयात, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर ते ऐकले की माणूस निमूटपणे परत फिरतो. पाऊस पडावा किंवा वीज जावी, तसा सर्व्हर बंद पडणे हाही दैवाचाच भाग आहे, अशी समजूत त्यामागे असते. वास्तविक संकेतस्थळ क्वचितच एकाएकी बंद पडते. बहुतेक वेळा ते आधी मंदावते, अडखळते, काही जणांना चुकीची उत्तरे देते आणि मग बसते. ताप चढत असताना तो मोजणारे कोणी असेल, तर वेळेवर उपचार करता येतात. हा ताप मोजण्याचे साधन म्हणजे डॅशबोर्ड आणि तो वाढताच वैद्याला हाक मारणारी यंत्रणा म्हणजे अलर्ट, अर्थात इशारा. संकेतस्थळ आजारी पडले आहे हे आधी कोणाला कळते, चालवणाऱ्याला की वापरणाऱ्याला, या एका प्रश्नावर त्या संकेतस्थळाची सारी विश्वासार्हता अवलंबून असते.

चिखलापासून आकड्यांपर्यंत

'डॅशबोर्ड' या शब्दाचा इतिहास मोठा गमतीदार आहे. घोडागाडीच्या जमान्यात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याच्या पायांपुढे एक आडवी फळी बसवलेली असे. तिलाच इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. पुढे मोटारगाडी आली, घोडे गेले, चिखलही राहिला नाही. पण चालकासमोरची ती जागा राहिली. तेथे वेग, इंधन आणि इंजिनाचे तापमान दाखवणारे काटे आले. संगणकाच्या जगाने हा शब्द मोटारीकडून उसना घेतला. संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सतत हलणारे आलेख आणि हिरवे, पिवळे, लाल चौकोन दिसतात, तो हा नवा डॅशबोर्ड.

त्याची साधने आता कोणालाही सहज मिळू शकतात. सर्व्हर जिवंत आहे की नाही यावर पहारा ठेवणारी 'नागिओस' ही प्रणाली १९९९ साली वेगळ्या नावाने जन्माला आली. 'प्रोमिथियस' या मोजमाप-प्रणालीचा आरंभ २०१२ साली साउंडक्लाउड या संगीत कंपनीत झाला, तर आकड्यांचे आलेख काढणारे 'ग्राफाना' २०१४ पासून उपलब्ध झाले. या प्रणाली मुक्त स्रोत स्वरूपात आल्या. त्यांच्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही. म्हणजे अडचण साधनांची नाही. काय मोजायचे, कोठून मोजायचे आणि बिघाड दिसल्यावर कोणाला उठवायचे, हे ठरवण्याची आहे.

डॅशबोर्ड नसलेली महायोजना

हे न ठरवल्यास काय घडते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. बराक ओबामा यांच्या आरोग्य विमा योजनेसाठी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. ज्या ३६ राज्यांनी स्वतःची विमा बाजारपेठ चालवली नव्हती, तेथील नागरिकांना याच दारातून आत यायचे होते. पहिल्याच दिवशी लाखो लोक आले, पान उघडण्याची वाट पाहत राहिले आणि बहुतेक रिकाम्या हातांनी परतले. पुढे उघड झालेल्या सरकारी नोंदींनुसार त्या दिवशी संपूर्ण देशात या संकेतस्थळावरून नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती सहा!

हे काम पन्नासहून अधिक कंत्राटदारांमध्ये वाटलेले होते. प्रत्येकाला आपापल्या तुकड्याची माहिती होती. संपूर्ण गाडीची अवस्था पाहणारे कोणी नव्हते. जेफ्री झाइंट्स आणि टॉड पार्क यांच्या पुढाकाराने ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मदतीसाठी तज्ज्ञांचे पथक बोलावण्यात आले. गूगलमधील अभियंते मिकी डिकरसन हे त्यातले एक. स्टीव्हन ब्रिल यांनी २०१४ साली 'टाइम' साप्ताहिकात या बचावकार्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला. संकेतस्थळावर या क्षणी किती लोक आहेत, कोणत्या पानाला किती वेळ लागतो आहे, गर्दी नेमकी कोठे तुंबली आहे, हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा डॅशबोर्डच तेथे नव्हता, हे त्यातून जगाला कळले. कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेल्या या मोटारीला वेग दाखवणारा काटाच बसवलेला नव्हता.

पथकाने आरंभीच्या कामांतच मोजमापाचा पडदा उभा केला. तो दिसू लागताच वादांचे स्वरूप पालटले. 'आमच्या भागात दोष नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर आता आकडे होते. वारंवार लागणारी माहिती दरवेळी मूळ साठ्यातून शोधून आणण्याऐवजी हाताशी तयार ठेवणे, यांसारखे साधे उपायही त्यामुळे चटकन सुचले. डिकरसन यांनी दररोजच्या बैठकांसाठी तीन नियम घालून दिले होते. बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष कोणाच्या माथी मारावा हे ठरवण्यासाठी नाही. ज्याला विषयाची सर्वाधिक माहिती आहे त्याने बोलावे, सर्वांत वरच्या हुद्द्याच्या माणसाने नव्हे. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे नडणार आहे तेवढ्याचाच विचार करावा.

१ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकन सरकारने प्रगतीचा अहवाल प्रसिद्ध केला. पान उघडण्याचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला होता. चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली उतरले होते. नोव्हेंबरच्या आरंभी संकेतस्थळ जेमतेम ४३ टक्के वेळ चालू राहत असे. महिनाअखेर ते प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. चारशेहून अधिक दुरुस्त्या दोन महिन्यांत झाल्या. अर्थात डॅशबोर्डने एकही दुरुस्ती केली नाही, ती माणसांनी केली. मात्र कोणती दुरुस्ती आधी करायची आणि केलेली दुरुस्ती लागू पडली की नाही, हे त्या पडद्यामुळेच समजले. एप्रिल २०१४ पर्यंत राज्यांच्या आणि केंद्राच्या बाजारपेठा मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला होता.

चार प्रश्न

मग डॅशबोर्डवर असावे तरी काय? मोजता येण्याजोग्या गोष्टी शेकडो असतात आणि उत्साहाच्या भरात त्या सगळ्याच पडद्यावर मांडल्या की कशाकडे पाहावे हेच कळेनासे होते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग' या ग्रंथात चार खुणा मुख्य मानल्या आहेत. रेल्वेच्या तिकीट खिडकीचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर त्या सहज उमगतात.

पहिली खूण विलंबाची. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिकीट हाती पडेपर्यंत किती वेळ लागतो? दुसरी वर्दळीची. दर मिनिटाला किती माणसे खिडकीशी येतात? तिसरी चुकांची. किती जण तिकिटाविना किंवा चुकीचे तिकीट घेऊन परततात? चौथी भाराची. आतील कर्मचाऱ्यांची कामाची क्षमता किती भरली आहे, आणखी माणसे आली तर ती पेलतील का? विलंब वाढतो आहे, वर्दळ नेहमीचीच आहे आणि क्षमताही शिल्लक आहे, असे दिसले तर दोष आतल्या कामात आहे. वर्दळीबरोबरच विलंब वाढत असेल तर खिडक्या वाढवायला हव्यात. वर्दळ अचानक शून्यावर आली तर आनंद मानू नये. बहुधा स्थानकाचे दारच बंद झालेले असते.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. झटपट मिळालेला नकार आणि मिळालेली सेवा यांचा वेळ एकत्र मोजता कामा नये. 'क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दाखवायला संगणकाला निमिषमात्र लागते. तोही वेळ सरासरीत धरला, तर संकेतस्थळ जितके अधिक बिघडेल तितके ते अधिक वेगवान दिसू लागते.

सरासरीची फसवणूक

सरासरी या आकड्याचा भरवसा तसाही बेताचाच असतो. समजा, शंभर जणांनी एक पान उघडले. त्यांतील ९५ जणांना ते अर्ध्या सेकंदात दिसले आणि पाच जणांना वीस सेकंद ताटकळावे लागले. सरासरी निघते दीड सेकंदाच्या आसपास. पडद्यावर हा आकडा पाहून अधिकारी समाधानाने चहा घ्यायला जाईल. परंतु दीड सेकंद हा अनुभव त्या शंभरांपैकी एकालाही आलेला नाही. दहा लाख लोक येणार असतील, तर हे 'पाच टक्के' म्हणजे पन्नास हजार माणसे होतात.

म्हणून जाणकार सरासरीऐवजी टक्केवारीचा उंबरठा पाहतात. शंभरांतल्या ९५ जणांना किती वेळात पान मिळाले, ९९ जणांना किती वेळात मिळाले, असे ते विचारतात. पानाच्या वेगासाठी गूगलने सुचवलेली कसोटीही याच पद्धतीची आहे. पानावरचा मुख्य मजकूर चारपैकी किमान तीन भेटींमध्ये अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी तिची अपेक्षा आहे. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडे बहुधा जुना मोबाइल असतो आणि त्याच्या गावात सिग्नल अशक्त असतो. सरासरीत नेमका तोच दिसत नाही.

नऊच्या अंकांचा हिशेब

संकेतस्थळ किती वेळ उपलब्ध असते, हे सांगताना कंपन्या नऊच्या अंकांची माळ गुंफतात. ९९ टक्के उपलब्धता ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद, असा होतो. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५२ मिनिटे आणि ९९.९९९ टक्के म्हणजे अवघी सव्वापाच मिनिटे. प्रत्येक नऊ वाढवताना खर्च झपाट्याने वाढत जातो. त्यामुळे किती बिघाड सोसता येईल हे आधी ठरवून त्याचे घरखर्चासारखे अंदाजपत्रक बांधण्याची पद्धत रूढ झाली आहे. ९९.९ टक्क्यांचे आश्वासन दिले असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांचा बिघाड 'परवडतो'. महिन्याच्या पाच तारखेलाच चाळीस मिनिटे खर्ची पडली, तर नवे प्रयोग थांबवून डागडुजीकडे वळावे, हा शहाणपणा त्यातून येतो.

तथापि ही मिनिटे कोणत्या वेळची, हा प्रश्न नऊचे अंक विचारत नाहीत. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचेच पाहा. वातानुकूलित वर्गाचे आरक्षण सकाळी दहाला आणि अन्य वर्गांचे अकराला उघडण्याची पद्धत २०१५ मध्ये आली. त्या पहिल्या काही मिनिटांतच बहुतेकांचे भवितव्य ठरते. आयआरसीटीसीने २००२ साली ऑनलाइन तिकीटविक्री सुरू केली आणि २०१४ साली नवी यंत्रणा आणली. मिनिटाला सुमारे दोन हजारांऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची क्षमता तिच्यात ठेवली गेली, ती याच गर्दीसाठी. पहाटे तीन वाजता दहा मिनिटे बंद पडलेले संकेतस्थळ आणि सकाळी दहा वाजता तितकाच वेळ बंद पडलेले संकेतस्थळ वार्षिक हिशेबात सारखेच ठरतात. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हिशेबात त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. निकालाचा दिवस, विवरणपत्राची अखेरची तारीख, प्रवेशअर्जाचा शेवटचा तास यांचे मोजमाप म्हणूनच स्वतंत्रपणे करावे लागते.

दिवा काय सांगतो?

डॅशबोर्डच्या इतिहासातील एक मोठा धडा संकेतस्थळांच्या कितीतरी आधीचा, आणि तोही अणुवीज केंद्रातला आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील 'थ्री माइल आयलंड' येथे अणुभट्टीत अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडल्यावर पुन्हा मिटली नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती मिटल्यासारखे दाखवत होता. कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला मिटण्याचा आदेश गेला आहे, एवढेच तो सांगत होता. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि दोन तासांहून अधिक काळ त्या उघड्या वाटेने अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी निघून जात राहिले.

संकेतस्थळांच्या जगात हीच चूक रोज होते. सर्व्हरला वीज मिळते आहे, त्याचा प्रोसेसर चालू आहे, मुखपृष्ठ उघडते आहे, म्हणून डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो. दरम्यान नागरिकाला पासवर्ड टाकल्यावर आत जाता येत नाही, मोबाइलवर ओटीपी पोहोचत नाही किंवा पैसे खात्यातून जातात पण पावती निघत नाही. अनेकदा तर 'सेवा उपलब्ध नाही' असे लिहिलेले पानच यशस्वीपणे उघडते आणि पहारेकरी प्रणाली ते यश म्हणून नोंदवते.

यावर दोन उपाय एकत्र योजावे लागतात. पहिला म्हणजे कृत्रिम ग्राहक. एक छोटा प्रोग्राम दर काही मिनिटांनी वेगवेगळ्या शहरांतून माणसासारखा संकेतस्थळावर येतो, नाव टाकतो, आत जातो, एक चाचणी व्यवहार पूर्ण करतो आणि पानावर अपेक्षित मजकूर दिसला की नाही हे तपासतो. मध्यरात्री एकही खरा ग्राहक नसताना उद्भवलेला बिघाड असाच पकडता येतो. दुसरा उपाय म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधूनच त्यांना लागलेला वेळ आणि आलेल्या चुका टिपणे. कृत्रिम ग्राहक चांगल्या जोडणीवरून येतो, त्याला गावाकडची जोडणी माहीत नसते. खऱ्या ग्राहकांच्या नोंदी ती उणीव भरून काढतात. अर्थात या नोंदी घेताना लोकांची खासगी माहिती गोळा होणार नाही, ही काळजी घेतलीच पाहिजे.

पहारेकरी कोठे राहतो?

पहारेकऱ्याने घराबाहेर राहावे, हा आणखी एक धडा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात दुरुस्तीचे काम करताना एक आज्ञा चुकीची टाइप झाली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बंद झाले. 'एस-थ्री' ही माहिती साठवण्याची सेवा कोसळली आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे तिच्यासोबत बसली. त्या वेळी अमेझॉनच्या सार्वजनिक डॅशबोर्डवर सेवांपुढे हिरव्या खुणाच दिसत राहिल्या. तो डॅशबोर्ड अद्ययावत करण्याची यंत्रणाच मुळात एस-थ्रीवर अवलंबून होती! सुमारे दोन तास कंपनीला आपल्याच फलकावर खरी स्थिती लिहिता आली नाही. नंतर दिलेल्या स्पष्टीकरणात तिने हे मान्य केले आणि ती व्यवस्था बदलली.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप अचानक मुके झाले, तो प्रसंग भारतातील बहुतेकांनी अनुभवला आहे. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले. बिघाड शोधण्याची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्याने तीही निकामी झाली. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले आणि तेथील कडक सुरक्षा ओलांडून आत पोहोचण्यात आणखी वेळ गेला. घराला आग लागली असता धोक्याची घंटा घरातल्याच विजेवर चालत असेल, तर ती वाजणार कशी? म्हणूनच संकेतस्थळावरचा पहारा दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या जोडणीवरून ठेवावा आणि इशाऱ्याला ईमेलखेरीज फोनसारखी दुसरी वाट ठेवावी, असे जाणकार सांगतात.

लांडगा आला रे आला

मोजमाप नीट झाले, तरी सर्वांत नाजूक काम उरतेच. ते म्हणजे माणसाला हाक मारणे. पुण्यातील हिंजवडी असो वा नवी मुंबईतील ऐरोली, दूरदेशीच्या संकेतस्थळांवर रात्रभर लक्ष ठेवणारे असंख्य मराठी तरुण आज नोकरी करीत आहेत. उशाशी फोन ठेवून झोपणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो. फोन रात्री दोनला वाजतो, उठून पाहावे तर प्रोसेसरवरचा भार क्षणभर वाढून आपोआप उतरलेला असतो. तीनला पुन्हा तेच. असे चार रात्री घडले की पाचव्या रात्री हात आपोआप फोन बंद करतो, आणि नेमका त्याच रात्री लांडगा खरोखरच आलेला असतो. थ्री माइल आयलंडच्या नियंत्रण कक्षातही आरंभीच्या काळात शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी ठणाणा करीत होते. इतक्या गोंगाटात महत्त्वाचा इशारा कोणता, हे माणसाला कळणे अशक्यच होते.

म्हणून माणसाला झोपेतून उठवणाऱ्या इशाऱ्याला तीन कसोट्या लावाव्यात. वापरणाऱ्याला खरोखर त्रास होतो आहे काय? त्यावर आत्ताच काही करणे आवश्यक आहे काय? आणि ज्याला उठवले, त्याला ते करता येण्यासारखे आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तरच फोन वाजवावा. एरवी सकाळी वाचण्यासाठी नोंद पुरेशी असते. 'प्रोसेसर ९० टक्के भरला' हे कारण झाले, 'दर शंभर जणांपैकी पाच जणांचे पैसे भरले जात नाहीत' हे लक्षण झाले. उठवावे ते लक्षणासाठी. एका चुकीवर धावू नये. सलग पाच मिनिटे आणि एकाहून अधिक शहरांतून तीच चूक दिसली, तर धावावे. पहिल्याने ठरावीक वेळात फोन उचलला नाही, तर दुसऱ्याला हाक जावी. इशाऱ्यासोबत काय बिघडले, आधी काय तपासावे आणि कोणाला कळवावे, हे दोन ओळींत लिहिलेले असावे. कारण रात्री दोन वाजता कोणाचीही बुद्धी तल्लख नसते.

काही बिघाड तर तारीख सांगून येतात. संकेतस्थळाशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची 'टीम्स' ही सेवा काही तास बंद पडली, ती अशा एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे. एवढ्या मोठ्या कंपनीच्या नजरेतून जी तारीख निसटली, ती एखाद्या नगरपालिकेच्या किंवा पतसंस्थेच्या नजरेतून निसटणे सहज शक्य आहे. ही प्रमाणपत्रे पूर्वी ३९८ दिवसांपर्यंत चालत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय २०२५ साली झाला आहे. म्हणजे नूतनीकरणाची आठवण आता माणसाच्या स्मरणावर सोडून चालणार नाही. तीस दिवस आधी, पंधरा दिवस आधी आणि सात दिवस आधी बोलणारा इशारा हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

उत्तरदायित्वाचा फलक

लहान संस्थेला भिंतभर पडदा लागत नाही. बाहेरून दर पाच मिनिटांनी होणारी एक तपासणी, सर्वांत महत्त्वाचा व्यवहार पूर्ण करून पाहणारा एक कृत्रिम ग्राहक, प्रमाणपत्र आणि संकेतनाम यांच्या मुदतीची आठवण आणि फोन उचलणारी दोन माणसे, एवढ्यावर उत्तम आरंभ होऊ शकतो. मोठ्या संस्थांनी याच्या पुढे जावे. अनेक कंपन्या आपली सेवा आत्ता कशी चालू आहे आणि गेल्या काही महिन्यांत कधी बंद पडली, हे जाहीर पानावर दाखवतात. बिघाडानंतर त्याची कारणे आणि योजलेले उपाय प्रसिद्ध करतात. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या संकेतस्थळांना ही रीत लागू करणे अधिकच न्याय्य ठरेल. रेल्वे स्थानकावर गाडी किती उशिराने धावते आहे हे फलकावर लिहिले जाते. तसेच निकालाचे, प्रवेशाचे किंवा शिधापत्रिकेचे संकेतस्थळ अडले असल्यास 'दोष आमच्याकडे आहे, दुपारी चारनंतर पाहा, मुदत वाढवली आहे' एवढे तरी वेगळ्या पानावर वाचायला मिळावे. त्यामुळे बिघाड दुरुस्त होणार नाही, पण आपलाच आसनक्रमांक चुकला की काय, या शंकेने रडकुंडीला आलेल्या मुलीच्या जिवाला थोडा आराम पडेल.

डॅशबोर्डवरचे आलेख पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते. त्या रेषेवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस असतो. कोणी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी विम्याचा अर्ज भरत असतो, कोणी गावी जाण्याचे तिकीट काढत असतो, कोणी दहा वर्षांच्या शिक्षणाचे फळ पाहायला आलेला असतो. पडद्यावरचा दिवा हिरवा आहे आणि हा माणूस मात्र दारात ताटकळतो आहे, असे जेव्हा होते तेव्हा खोटे माणूस बोलत नसतो. दिवा चुकीच्या तारेला जोडलेला असतो, आणि ती तार बदलण्याचे काम गर्दी होण्याच्या आदल्या दिवशीच करावे लागते.